खुणेचा दिवा आणि खरेपणा

वाचकहो, आजचा विषय दिसायला अगदी लहान आहे. गिझरवर, इस्त्रीवर, भाताच्या विजेच्या कुकरवर किंवा भिंतीवरच्या स्विचबोर्डावर हरभऱ्याच्या डाळीएवढा एक तांबडा दिवा असतो. तो पाणी तापवीत नाही, कपड्याची चुणी मोडीत नाही, भात शिजवीत नाही. 'वीज आली आहे' एवढेच सांगणे त्याच्याकडे असते. हा दिवा एके दिवशी जातो. पाणी मात्र पूर्वीसारखेच तापते. घरातले कोणी म्हणते, "अहो, गिझरचा दिवा गेलाय." उत्तर येते, "पाणी तापतंय ना? मग राहू दे की!" आणि वर्ष जाते, दोन वर्षे जातात, दिवा तसाच राहतो.

यात कसला आला धर्मविचार, असे कोणी विचारील. आम्हांस वाटते, आहे. जी वस्तू स्वतः काही करीत नाही, नुसते सांगते, तिची दुरुस्ती करणे हे कर्तव्य आहे की नुसती हौस? सांगणे बंद पडले आणि काम चालू राहिले, तर बिघडले काय? हा प्रश्न गिझरापुरता नाही. पण गिझरापाशी तो स्वच्छ दिसतो, म्हणून तेथूनच आरंभ करू.

आधी 'राहू दे' म्हणणाऱ्याची बाजू नीट मांडली पाहिजे. तो काही आळशी असतोच असे नाही. त्याचे पहिले म्हणणे असे की, गिझर घेतला तो पाण्यासाठी, दिव्यासाठी नव्हे. दुसरे असे की, दिवा काही रुपयांना मिळतो खरा, पण वायरमनला बोलवावे तर त्याची मजुरी दिव्याच्या कितीतरी पट होते. तिसरे असे की, "आम्हां घरच्यांना ठाऊकच आहे की तो दिवा बंद आहे. मग फसणार कोण?" तिन्ही म्हणणी व्यवहारी आहेत. त्यांना थट्टेवारी नेऊन उपयोग नाही.

आता तो दिवा म्हणजे काय वस्तू आहे ते पाहू. पुष्कळ उपकरणांत हा दिवा नेऑनचा असतो. नेऑन हा हवेत अल्प प्रमाणात असणारा एक वायू. विल्यम रॅमझी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या दोघांनी १८९८ साली लंडनमध्ये तो शोधून काढला. काचेच्या इवल्याशा नळीत हा वायू भरलेला असतो आणि आत दोन धातूच्या काड्या एकमेकींना न शिकता उभ्या असतात. त्यांच्यामध्ये पुरेसा दाब आला की वायूच नारिंगी-तांबडा प्रकाशतो. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची, म्हणून दिव्याच्या तारेत एक मोठा रोध बसविलेला असतो. त्यामुळे दिव्यातून हजारांश अँपिअरच्या आसपासच प्रवाह जातो. हिशेब केला तर हा दिवा सुमारे पाव वॅटच्या आत भागतो, आणि गिझरची कांडी खाते दोन हजार वॅट. म्हणजे काम करणाऱ्याला दहा हजार मिळाले तर सांगणाऱ्याला एक. इतक्या कमी खाणाऱ्या सेवकाला आपण निरुपयोगी म्हणतो!

या दिव्यात तार नसते, त्यामुळे तो बल्बासारखा जळून तुटत नाही. हजारो तास प्रकाशल्यावर आतल्या काड्यांचा धातू कणाकणाने उडून काचेवर बसतो, काच काळवंडते, दिवा पेटायला जड जातो, फडफडू लागतो आणि शेवटी गप्प होतो. म्हणजे जाण्यापूर्वी तो पुष्कळ दिवस लुकलुकून सांगत असतो की, माझे होत आले. पाहणारा पाहील तर! हल्लीच्या उपकरणांत नेऑनच्या जागी एलईडी आले आहेत. डोळ्यांना दिसणारा तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली दाखविला. तो फार टिकतो, पण अमर तोही नाही.

आता मुख्य मुद्दा. दिवा लागला आहे, यावरून वीज आहे हे कळते. पण दिवा लागलेला नाही, यावरून वीज नाही हे कळते काय? आपल्या न्यायशास्त्रात याचे फार जुने उदाहरण आहे. धूर दिसला की अग्नी आहे असे म्हणता येते. पण अग्नी आहे म्हणजे धूर असलाच पाहिजे, असे मात्र नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी पुरता आहे, धूर नावाला नाही. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात याचे कारण सांगितले आहे की, अग्नीला ओल्या सरपणाची संगत असेल तरच धूर होतो. ती संगत म्हणजे तेथला उपाधी. उपाधी सुटला की धूर जातो, अग्नी जात नाही.

आपल्या दिव्यालाही असाच एक उपाधी आहे, आणि तो म्हणजे दिवा स्वतः धड असणे. तो धड असेपर्यंत उजेड आणि अंधार दोन्ही काही सांगतात. तो गेला की अंधाराचे सांगणे संपते. गंमत अशी की, शास्त्रातला तो लोखंडाचा गोळा आज घरोघर आहे, त्याला आपण इस्त्री म्हणतो. इस्त्री पुरेशी तापली की तिचा थर्मोस्टॅट प्रवाह तोडतो आणि दिवा आपोआप विझतो. म्हणजे दिवा धड असतानाही, तो विझलेला असतो तेव्हा इस्त्री चांगली तापलेली असू शकते. मग दिवाच गेलेला असेल तर त्या अंधाराचा भरवसा किती धरावा? लहान मूल एवढा तर्क करीत नाही. दिवा नाही म्हणजे गार, असे समजून ते हात लावते.

येथे कोणी म्हणेल, "दिवा गप्प आहे, खोटं कुठं बोलतोय?" हा प्रश्न चांगला आहे. गप्प राहणे हे नेहमी खोटे नसते. ज्याला कोणी विचारले नाही तो गप्प राहिला तर दोष नाही. पण ज्याला सांगण्याच्या कामावरच बसविले आहे, त्याचे गप्प राहणे हेही एक सांगणे असते. गावच्या राखणदाराने रात्री हाक दिली नाही तर लोक 'चोर नाही' असेच समजून निजतात. राखणदार झोपलेला असेल, हे त्यांच्या मनात येत नाही. तसेच घराने दिव्याशी करार केला आहे, की लागलास तर वीज आहे, विझलास तर नाही. करार मोडला नाही, पण पाळणारा गेला. अशा वेळी त्याची शांतता खोटी साक्ष देते.

मग त्या खोटेपणाचा धनी कोण? काचेची नळी तर नव्हे. तिला ना इच्छा, ना जाणीव. ज्याला ठाऊक आहे की नळी गेली आहे आणि जो ती तशीच ठेवतो, तोच तिच्या तोंडून बोलत असतो. येथे 'राहू दे' म्हणणाऱ्याच्या तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर सापडते. "आम्हां घरच्यांना ठाऊक आहे," असे तो म्हणतो. पण खूण घरच्या जाणत्यासाठी लावलेलीच नसते, ती न जाणणाऱ्यासाठी असते. पाहुणा येतो, कामाला बाई येते, भाडेकरू बदलतो, नवी सून येते, दुरुस्तीला माणूस येतो. त्यांच्यापैकी कोणाला हे ठाऊक आहे? यजमानाच्या डोक्यात असलेले ज्ञान न्हाणीघरातल्या पाहुण्याला वाचवीत नाही. सत्य आपल्यापाशी असणे वेगळे, आणि ज्याला हवे त्याला ते दिसेल असे ठेवणे वेगळे. पहिल्याला जाणणे म्हणतात. खरेपणा म्हणावा तो दुसऱ्याला.

विजेचे काम करणारे लोक या बाबतीत आपले गुरू आहेत. त्यांच्या खिशातल्या टेस्टरमध्ये असाच नेऑनचा दिवा असतो. तार 'जिवंत' आहे की नाही हे ते त्याने पाहतात. पण जाणता वायरमन टेस्टर लागला नाही म्हणून लगेच तारेला हात घालीत नाही. तो आधी चालू असलेल्या ठिकाणी टेस्टर लावून, तो लागतो ना, हे पाहतो. मग कामाच्या तारेला लावतो. आणि पुन्हा एकदा चालू ठिकाणी लावून पाहतो, की मधल्या मधे तोच तर गेला नाही ना! साक्षीदाराची साक्ष ऐकण्यापूर्वी आणि ऐकल्यानंतर साक्षीदाराचीच परीक्षा. या रीतीला कोणी संशयी वृत्ती म्हणणार नाही. ही जिवाची किंमत ओळखणारी रीत आहे.

आता आणखी एक सूक्ष्म गोष्ट. दिवा धड असला तरी तो जेथे जोडला आहे तेथलेच सांगतो, त्यापलीकडचे नाही. स्विचबोर्डावरचा दिवा स्विच चालू आहे एवढे सांगतो. गिझरच्या थर्मोस्टॅटच्या पुढे जोडलेला दिवा कांडीपर्यंत वीज पोचली आहे एवढे सांगतो. कांडी आतून तुटली असेल तरी तो आनंदाने लागलेलाच राहतो आणि पाणी गारच्या गार! 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही म्हण खरी. पण दोष नेहमी दिसण्याचाच नसतो. जे दिसले त्याहून जास्त आपण समजून बसतो, हा आपला दोष असतो.

याची किंमत किती मोठी होऊ शकते ते अमेरिकेत दिसले. पेन्सिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ च्या पहाटे बिघाड झाला आणि दाब सोडणारी एक झडप उघडली. मग ती मिटावी म्हणून तिची वीज तोडली गेली, पण झडप अडकून उघडीच राहिली. नियंत्रणकक्षातला दिवा मात्र झडपेला जोडलेला नव्हता, तिला चालविणाऱ्या विजेच्या फाट्याला जोडलेला होता. वीज तुटली, दिवा विझला, आणि माणसे समजली की झडप मिटली. दोन तासांहून अधिक वेळ पाणी निसटत राहिले आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला. दिवा खोटे बोलला नव्हता. 'मिटण्याचा हुकूम गेला' एवढे तो सांगत होता, आणि ऐकणाऱ्यांनी 'हुकूम पाळला गेला' असे ऐकले. घरात, कचेरीत, संस्थांत आपणही हेच करतो. सांगितले म्हणजे झाले, असे धरून चालतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग खुणेच्या दिव्याकडे डोळे लावूनच बसावे! नाही, वाचकहो. दुसऱ्या टोकालाही खड्डा आहे, आणि तो पहिल्याहून उथळ नाही.

२९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअर लाइन्सचे ४०१ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कहून मायामीला उतरत होते. आत १७६ माणसे होती. चाके खाली सोडली, पण पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. चाक खरोखर अडकले आहे की नुसता दिवाच गेला आहे, हे कळेना. वैमानिकांनी विमान दोन हजार फुटांवर नेऊन एव्हरग्लेड्सच्या दलदलीवर फिरत ठेवले आणि सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. एक जण दिव्याची खोबण काढू-घालू लागला, एक जण चाक डोळ्यांनी पाहावे म्हणून खालच्या कप्प्यात उतरला. उंची राखण्याचे काम स्वयंचलित यंत्रावर सोपविले होते. ते नकळत धक्का लागून सुटले आणि विमान हळूहळू खाली येऊ लागले. इशाऱ्याचा नाद झाला, तो कोणाच्या ध्यानात आला नाही. विमान दलदलीत आदळले. १०१ माणसे गेली. चौकशीत निघाले ते असे की, चाक व्यवस्थित खाली आलेले होते. गेला होता तो दिवा.

हा प्रसंग आम्ही 'राहू दे' म्हणणाऱ्याच्या बाजूने सांगत नाही, आणि त्याच्या विरुद्ध म्हणूनही सांगत नाही. दोन्ही बाजूंना त्यात धडा आहे. गेलेला दिवा निरुपद्रवी नसतो, हा पहिला. तो संशय उत्पन्न करतो, आणि संशय माणसाचे अवधान खातो. दुसरा धडा याहून मोठा आहे. खूण वस्तूसाठी असते, वस्तू खुणेसाठी नसते. त्या रात्री दिवा पाहायला जाणती माणसे होती, पण विमान कोण चालवतोय, हे पाहायला त्या क्षणी कोणी उरले नव्हते. दिव्याखाली अंधार असतो असे आपण म्हणतो. येथे तर विझलेल्या दिव्याखाली अंधार पडला!

तेव्हा मार्ग मधला आहे, पण तो दोन्हींतले थोडे थोडे घेण्याचा नाही. त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी वस्तू सुरक्षित करावी, मग खुणेची दुरुस्ती करावी, आणि दुरुस्ती होईपर्यंत ती खूण मेलेली आहे हे उघड सांगावे.

हे आचरणात कसे आणावे ते सांगतो. गिझरचा दिवा गेला की त्याच दिवशी त्यावर कागद चिकटवावा, 'दिवा बंद आहे, वीज चालू असू शकते.' यास पैसा लागत नाही, मजुरी लागत नाही. व्यवहारी माणसाची दुसरी अडचण येथेच निम्मी सुटते. उरलेली निम्मी अशी सुटते की, गिझरची वार्षिक साफसफाई किंवा दुसरे काही काम निघेल तेव्हा त्याच फेरीत दिवा बदलून घ्यावा. मात्र 'पुढच्या वेळी' म्हणजे 'कधीच नाही' होऊ देऊ नये.

दिवा बदलताना स्विच बंद केला एवढ्यावर थांबू नये. साधा स्विच एकच तार तोडतो, आणि तारांची अदलाबदल झालेली असेल तर स्विच बंद असूनही आत वीज राहते. म्हणून पिन काढावी, आणि पिन नसेल तर मुख्य बोर्डावरून वीज तोडावी. मग वर सांगितल्याप्रमाणे टेस्टरचीच आधी आणि नंतर परीक्षा घेऊन खात्री करावी. तारा कशा होत्या ते लिहून ठेवावे. जुना दिवा बरोबर घेऊन दुकानात जावे, म्हणजे भोकाचे माप, २३० व्होल्टचा आकडा आणि रंग तिन्ही जुळतात. रोधाशिवायचा नुसता एलईडी त्या जागी जोडू नये, तो तत्काळ उडेल. तांबड्याच्या जागी तांबडाच लावावा, कारण घराला त्याच रंगाची भाषा येते. जोडावर उष्णता सोसणारी नळी चढवावी, अर्थिंगची तार सुटली असेल तर पुन्हा घट्ट बसवावी, आणि झाकण लावल्यावरच वीज सोडावी. यातले काही येत नसेल तर वायरमनला बोलवावे. न येणारे काम दुसऱ्याला सांगण्यात कमीपणा नाही.

आणि दुरुस्ती खरोखरच होण्यासारखी नसेल तर? तर तो दिवा काढून घ्यावा आणि भोक नीट बंद करावे. जेथे खूणच नाही तेथे माणूस सावध राहतो, विचारतो. जेथे मेलेली खूण आहे तेथे तो विचारीत नाही. जी खूण आपल्याला पाळता येत नाही ती मिरवू नये, एवढाच याचा अर्थ. तसेच दिवा गेला म्हणून चांगला चालणारा गिझर भंगारात घालणे हेही योग्य नव्हे. सांगणाऱ्याचा घसा बसला म्हणून करणाऱ्याला घराबाहेर काढण्यासारखे ते आहे.

शेवटी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. घरात अशी माणसेही असतात, जी स्वतः फारसे काही करीत नाहीत असे आपल्याला वाटते. ती नुसती सांगत असतात. म्हातारी आई म्हणते, "गुडघा दुखतोय रे." धाकटा मुलगा म्हणतो, "मास्तरांचं कळत नाही." संस्थेतला एखादा कारकून पुनःपुन्हा येऊन म्हणतो, "साहेब, हिशेब जुळत नाही." काही दिवसांनी ही माणसे बोलायची बंद होतात. आपण म्हणतो, बरे झाले, दुखणे थांबले, कळू लागले, हिशेब जुळला. पण दुखणे थांबले की सांगणारी थकली? अंधाराचे दोन अर्थ होतात, हे आपण आत्ताच पाहिले. ज्याच्या सांगण्याकडे वर्षानुवर्षे पाहिले नाही, त्याची शांतता समाधान म्हणून मोजू नये. जवळ जाऊन विचारावे.

तात्पर्य, काम चालते एवढ्याने घर खरे होत नाही. काम जसे चालते तसेच बाहेरून दिसले पाहिजे, आणि जेव्हा तसे दिसत नाही तेव्हा ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. पाव वॅटच्या दिव्यापाशी जो हे पाळील त्याला मोठ्या ठिकाणी ते अवघड जाणार नाही. आज संध्याकाळी घरातली सगळी उपकरणे एकदा पाहावी, कोणता दिवा गेला आहे ते शोधावे, आणि निदान कागद तरी चिकटवावा.